आधी युद्धाचा हिशेब दाखवा, मग एबी फॉर्म घ्या

"परराष्ट्र धोरण हा आपला विषय नाही." चळवळीतल्या बैठकीत हे वाक्य इतक्या सहज बोलले जाते की हे आपल्याला कुणी शिकवले, असा प्रश्नही कुणाला पडत नाही. आपले विषय म्हणजे घरकुल, शिष्यवृत्ती, जातपडताळणी, ॲट्रॉसिटीची केस, समाजमंदिराची गळती. पाकिस्तान, चीन, अमेरिका, संरक्षण खर्च हे 'त्यांचे' विषय. उमेदवाराला हे पक्के ठाऊक असते. म्हणून तो आपल्या वस्तीत येताना हायमास्ट दिवा, कमान आणि १४ एप्रिलच्या साउंडची पावती घेऊन येतो. युद्धावर तो बोलतो ते फक्त शिवाजी चौकातल्या मोठ्या सभेत, आणि तिथेही बोलत नाही, ओरडतो.

मित्रांनो, ही विभागणी साधी नाही. राज्य कसे चालवायचे हे एकाने ठरवायचे आणि दुसऱ्याने फक्त आपल्या पोटाचे मागायचे, ही वर्णव्यवस्थेचीच नवी आवृत्ती आहे. बाबासाहेबांनी ती एक दिवसही मान्य केली नाही. ज्या कोल्हापुरात भाई माधवराव बागलांच्या पुढाकाराने ९ डिसेंबर १९५० रोजी, बाबासाहेब हयात असताना, बिंदू चौकात फुले आणि आंबेडकरांचे पुतळे उभे राहिले, त्या शहरातल्या तरुणांना तरी हे वेगळे सांगावे लागू नये. पण सांगावे लागते आहे, कारण बाबासाहेबांनी युद्ध आणि परराष्ट्र धोरण या विषयावर निवडणुका लढवल्या आणि त्या हरले, हा इतिहास आपल्या जयंतीच्या भाषणांतून गायब आहे.

१९५२ : चार उमेदवार, चार हिशेब

जानेवारी १९५२. मुंबई शहर उत्तर हा दोन जागांचा लोकसभा मतदारसंघ, एक जागा सर्वसाधारण, एक राखीव. मैदानात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे बाबासाहेब, काँग्रेसचे नारायण काजरोळकर, समाजवादी पक्षाचे अशोक मेहता आणि कम्युनिस्ट पक्षाचे श्रीपाद अमृत डांगे. फेडरेशन आणि समाजवादी यांची युती होती. निकाल आपल्याला पाठ आहे: काजरोळकर १,३८,१३७, बाबासाहेब १,२३,५७६. फरक १४,५६१ मतांचा. पण त्या दिवशी मतदारासमोर युद्ध आणि परराष्ट्र धोरणाचे कोणते हिशेब होते, ते आपण कधी मांडून पाहिले नाहीत. आज मांडू.

काजरोळकरांच्या मागे नेहरू होते, म्हणून हिशेब काँग्रेसचा धरावा लागेल. सप्टेंबर १९३९ मध्ये व्हाइसरॉयने हिंदुस्थानला न विचारता युद्धात ओढले, काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि ऑगस्ट १९४२ मध्ये 'चले जाव' झाले. नेहरूंना एक श्रेय दिलेच पाहिजे. फॅसिझमचा धोका ओळखणाऱ्या मोजक्या पुढाऱ्यांत ते होते. १९३८ मध्ये ते यादवीत होरपळणाऱ्या स्पेनला जाऊन आले होते. पंतप्रधान म्हणून त्यांनी भारताला महासत्तांच्या गटांबाहेर ठेवले आणि कोरियाच्या युद्धात लढाऊ फौज न पाठवता वैद्यकीय पथक पाठवले. हे सगळे त्यांच्या जमेला. पण या धोरणाची किंमत काय आणि ती कोण भरतो, या प्रश्नाला काँग्रेसच्या प्रचारात उत्तर नव्हते.

डांग्यांच्या पक्षाचा हिशेब आणखी बोलका आहे. १९३९ मध्ये युद्ध 'साम्राज्यवादी' होते. जून १९४१ मध्ये हिटलरने सोव्हिएत रशियावर हल्ला केला आणि काही महिन्यांत तेच युद्ध 'लोकयुद्ध' झाले. मधल्या काळात गिरणगावातल्या कामगाराच्या आयुष्यात काय बदलले होते? काहीच नाही. बदलली होती ती मॉस्कोची गरज. पुढे नेहरूंच्या परराष्ट्र धोरणाबाबतही हेच घडले. आधी ते साम्राज्यवाद्यांचे हस्तक ठरले, आणि १९५५ मध्ये रशियन नेते भारतात येऊन गेले त्या सुमारास त्याच नेहरूंचे धोरण प्रशंसनीय झाले. मत बदलण्याला हरकत नाही. ते कुणाच्या सांगण्यावरून बदलले, हा प्रश्न आहे.

समाजवाद्यांनी युद्धाला विरोध केला, १९४२ मध्ये तुरुंग भोगला. त्यांच्या त्यागावर कुणी बोट ठेवू शकत नाही. पण नाझी जिंकले असते तर या देशातल्या शेवटच्या माणसाचे काय झाले असते, याचे उत्तर त्या आंदोलनाने दिले नाही.

बाबासाहेबांचा हिशेब

आता आपल्या माणसाचा. भक्तिभावाने नको, तपासून. राजकारणातली विभूतिपूजा अधोगतीकडे नेते, हा इशारा घटना समितीत त्यांनीच दिला होता.

१९१८ मध्ये, पहिले महायुद्ध चालू असताना, बाबासाहेबांनी बर्ट्रांड रसेलच्या पुस्तकावर लेख लिहिला. बळ आणि हिंसा एक नव्हेत, बळ विधायक कामालाही लावता येते आणि नाशालाही, ही मांडणी त्यात आहे. म्हणजे आंधळे युद्धप्रेम नाही आणि आंधळा शांततावादही नाही. पुढची सगळी भूमिका या पायावर उभी आहे.

दुसऱ्या महायुद्धात त्यांनी नाझींविरुद्धच्या बाजूला पाठिंबा दिला. १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. नभोवाणीवरून कामगारांना त्यांनी सांगितले की नाझी जिंकले तर स्वातंत्र्य, समता, बंधुता हे शब्दच पुसले जातील, आणि हे युद्ध जिंकायचे ते जुनी व्यवस्था परत आणायला नव्हे, तर नवी समाजरचना आणायला. याच काळावरून त्यांना 'इंग्रजांचे हस्तक' म्हटले जाते. १९९७ मध्ये अरुण शौरींनी त्यावर आख्खे पुस्तक लिहिले. त्यांना एकच विचारा: वंशश्रेष्ठत्वाच्या नावाखाली माणसे संपवणारी राजवट जिंकावी की हरावी, यावर तुमचे मत काय? जन्मावरून माणसाला नीच ठरवणे म्हणजे काय, हे ज्याने भोगले होते त्याला या प्रश्नाचे उत्तर द्यायला चार वर्षे लागली नाहीत.

१९५१. हिंदू कोड बिलावरून राजीनामा, एवढेच आपण सांगतो. १० ऑक्टोबर १९५१ चे निवेदन संपूर्ण वाचा. सभागृहात ते वाचू देण्यावर अट घातली गेली, म्हणून ते बाहेर पडले आणि निवेदन वृत्तपत्रांना दिले. त्यात राजीनाम्याच्या कारणांपैकी एक ठळक कारण परराष्ट्र धोरण आहे. हिशेब रुपयांत आहे: वर्षाचा महसूल ३५० कोटी, त्यातले सुमारे १८० कोटी सैन्यावर. निम्म्याहून जास्त. मित्र नसल्यामुळे संरक्षणाचा सगळा भार एकट्याने उचलावा लागतो, असे त्यांचे म्हणणे. पाकिस्तानशी भांडणाची दोन कारणे, काश्मीर आणि पूर्व बंगालमधल्या आपल्या लोकांची दैना. काश्मीरपेक्षा पूर्व बंगालची काळजी जास्त करा, असे त्यांनी सांगितले. काश्मीरवर तोडगाही दिला: राज्याची विभागणी करा, हिंदू आणि बौद्ध भाग भारताकडे, मुस्लिम भाग पाकिस्तानकडे. नाहीतर तीन भाग करा आणि सार्वमत फक्त खोऱ्यात घ्या.

हे निवडणुकीच्या तोंडावर! आजच्या कुठल्या उमेदवाराची छाती आहे? त्याच निवडणुकीच्या फेडरेशनच्या जाहीरनाम्यात चीनच्या संयुक्त राष्ट्रांतल्या जागेसाठी झगडण्यापेक्षा भारताने स्वतःच्या कायम सदस्यत्वासाठी झगडावे, असे स्पष्ट लिहिले होते. १९५४ च्या भंडारा पोटनिवडणुकीत त्यांनी पुन्हा नेहरूंच्या परराष्ट्र धोरणावर हल्ला चढवला आणि आठ हजारांहून अधिक मतांनी पुन्हा हरले. हरल्यावर तरी विषय सोडला का? २६ ऑगस्ट १९५४ रोजी राज्यसभेत ते तिबेट, पंचशील आणि गोव्यावर बोलले. ल्हासा चीनच्या हाती जाऊ देऊन पंतप्रधानांनी चीनची सीमा भारताच्या सीमेला आणून भिडवली, हा इशारा त्या भाषणातला. १९६२ यायला अजून आठ वर्षे होती.

मग बाबासाहेबांचे सगळेच बरोबर ठरले का? नाही. लोकशाही देशांच्या गटाशी मैत्री केली की संकटात साथ मिळेल, हा त्यांचा विश्वास वादाचा आहे. ज्या वर्षी ते राज्यसभेत बोलले त्याच वर्षी अमेरिकेने पाकिस्तानला शस्त्रे देण्याचा करार केला, आणि १९७१ मध्ये अमेरिकेचे सातवे आरमार बंगालच्या उपसागरात शिरले ते आपल्याला साथ द्यायला नव्हे. हे आपण मोकळेपणाने म्हटले पाहिजे. पण त्यांचा हिशेब तपासता येतो, कारण त्यांनी तो आकडे आणि कारणांसह, तारखेसह, मतदारासमोर मांडून ठेवला आहे. या कसोटीवर बाकीचे तिघे त्यांच्या जवळपासही येत नाहीत.

बाबासाहेबांचे तुकडे विकणारे

आता हा हिशेब कोण कसा कापतो ते बघा.

हिंदुत्ववादी मंडळी १९५४ चे तिबेटवरचे भाषण नेहरूंना झोडपायला वापरतात. ठीक. मग हेही सांगा की जून २००३ मध्ये पंतप्रधान वाजपेयींनी बीजिंगमध्ये ज्या जाहीरनाम्यावर सही केली, त्यात तिबेट हा चीनचा भाग असल्याचे मान्य केले गेले. नेहरूंची चूक ती चूक, आणि वाजपेयींची सही ती मुत्सद्देगिरी?

३७० कलमावरून बाबासाहेबांनी शेख अब्दुल्लांना सुनावल्याचे एक वाक्य दर वर्षी व्हॉट्सॲपवर फिरते. त्यांच्या प्रकाशित लेखन-भाषणांच्या खंडांत ते नाही. ते येते बलराज मधोक यांच्या हवाल्याने. आणि जे कागदावर आहे, काश्मीरची विभागणी आणि खोऱ्यात सार्वमत, त्यावर हे लोक चिडीचूप. आज तेच मत आपल्यापैकी कुणी नुसते स्टेटसला ठेवले तर काय होईल? ७ जून २०२३ रोजी याच कोल्हापुरात स्टेटसवरून काय झाले ते आपण पाहिले आहे. १४ जुलै २०२४ रोजी विशाळगडाच्या पायथ्याच्या गजापुरात गरीब मुसलमानांची घरे आणि मशीद फोडली, तेही पाहिले आहे. सीमेपलीकडच्या शत्रूच्या नावाने दिलेल्या घोषणेचा दगड शेवटी शेजाऱ्याच्या कौलावर पडतो. म्हणून उमेदवाराचा युद्धाचा हिशेब त्याच्या गावातल्या वागणुकीपासून तोडून वाचता येत नाही. गजापूर जळत होते तेव्हा तो कुठे होता, हाही त्याच हिशेबाचा भाग आहे.

दुसऱ्या बाजूला काही डावे मित्र बाबासाहेबांना 'अमेरिकाधार्जिणे' म्हणून बाजूला सारतात. ज्यांनी एका युद्धाचे नाव परक्या राजधानीच्या सोयीने बदलले, त्यांनी स्वतंत्र बुद्धीने मत मांडणाऱ्याला कुणाचा तरी धार्जिणा म्हणावे, हे नवल आहे.

हा आपला विषय कसा नाही?

आपल्या आजोबा-पणजोबांचा इतिहास आठवा. १८९०च्या दशकात 'लढाऊ जाती'चे खूळ निघाले आणि महारांची सैन्यभरती बंद झाली. गोपाळबाबा वलंगकरांनी त्यासाठी विनंतीपत्र लिहिले, शिवराम जानबा कांबळ्यांनी अर्ज केले. दार उघडले नाही. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले, १९२१ मध्ये मोडली. दुसरे महायुद्ध आले, बाबासाहेबांनी पाठपुरावा केला आणि ऑक्टोबर १९४१ मध्ये इथून शंभर-सव्वाशे किलोमीटरवरच्या बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. गरज असली की बोलवायचे, संपली की घरी पाठवायचे, हा अनुभव आपला आहे. जून २०२२ मध्ये आलेली अग्निपथ योजना या अनुभवाच्या उजेडात वाचा: चार वर्षे नोकरी, त्यातल्या जास्तीत जास्त २५ टक्क्यांना पुढे संधी, बाकीचे पेन्शनशिवाय परत. पहाटे रस्त्यावर धावणारी आपल्या जिल्ह्यातली पोरे कुठल्या घरांतली आहेत? कारखानदाराचा मुलगा त्यात दिसतो का? युद्ध हवे म्हणणारा एक आणि युद्धात जाणारा दुसरा, हे जिथे ठरलेले असते तिथे परराष्ट्र धोरण हा जातीचा आणि वर्गाचाच प्रश्न असतो.

आणि पोटाचे म्हणाल तर तेही बघा. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचे आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेले. त्यातला निम्मा वाटा आपण रशियाकडून तेल घेतो म्हणून लावलेला दंड होता. तो दंड दिल्लीत कुणाच्या खिशातून गेला नाही. परदेशी जाणारी कोल्हापुरी चप्पल शिवणाऱ्या चर्मकार कारागिराच्या मजुरीतून गेला, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत भट्टीसमोर उभ्या असलेल्या कंत्राटी कामगाराच्या ओव्हरटाइममधून गेला. या कारागिराच्या दारात मत मागायला येणाऱ्याने परराष्ट्र धोरणावर तोंड उघडायचे नाही, हा कुठला न्याय?

अजून एक गोष्ट. देशाचा भूभाग दुसऱ्याला द्यायचा तर घटनादुरुस्ती लागते. पण युद्ध सुरू करण्याआधी किंवा परराष्ट्राशी करार करण्याआधी संसदेची मंजुरी घ्यावी, अशी सक्ती आपल्या घटनेत नाही. तो अधिकार सरकारचा. म्हणजे संसदेत प्रश्न विचारणारा खासदार आणि त्याला निवडणारा मतदार, एवढाच लगाम उरतो. १९६२ मध्ये लढाई चालू असताना, ८ नोव्हेंबरला, संसद बसली आणि पंतप्रधानांना टीका ऐकावी लागली. २०२५ मध्ये ७ मे रोजी ऑपरेशन सिंदूर सुरू झाले, १० मे रोजी गोळीबार थांबला, विरोधकांनी विशेष अधिवेशन मागितले. चर्चा झाली जुलैच्या अखेरीस. लगाम कसा सैल होतो ते या दोन तारखांत दिसते.

एबी फॉर्मच्या आधी

अमेरिकेत पक्षाचा उमेदवार ठरवायला पक्षांतर्गत निवडणुका होतात. २००८ मध्ये हिलरी क्लिंटन आणि बराक ओबामा समोरासमोर होते. क्लिंटन यांनी ऑक्टोबर २००२ मध्ये सिनेटमध्ये इराकवरच्या युद्धाला परवानगी देणारे मत दिले होते. ओबामा तेव्हा फक्त राज्याच्या विधिमंडळात होते, पण त्याच महिन्यात शिकागोच्या सभेत त्यांनी त्या युद्धाला उघड विरोध केला होता. सहा वर्षांपूर्वीचे एक मत आणि एक भाषण, पण मतदारांनी ते विसरू दिले नाही. अमेरिका काही आदर्श नाही, ओबामांच्या राजवटीतही बॉम्ब पडतच राहिले. पण प्रश्न विचारण्याची ती सवय घेण्यासारखी आहे.

आपल्याकडे उमेदवार ठरतो कसा? मुंबईहून एबी फॉर्म येतो. कुणाला आला हे रात्री कळते, सकाळी आपण झेंडे बांधतो. मोठे पक्ष सोडा, आपल्या स्वतःच्या गटांत तरी वेगळे काय आहे? समाजाची बैठक घेऊन, इच्छुकांना समोर बसवून, "बाबा रे, तुझे म्हणणे काय?" असे आपण कधी विचारतो? १९५७ मध्ये याच कोल्हापूरने फेडरेशनचे शंकरराव दिगे यांना लोकसभेत पाठवले होते. आज आपल्या गटांकडून इच्छुकांची यादी निघते ती 'किती मते आणि किती खर्च' या दोन रकान्यांची.

तिसरा रकाना आपण घालू. पुढच्या लोकसभेला कुठल्याही पक्षाचा इच्छुक पाठिंबा मागायला आला, की एबी फॉर्म मिळण्याआधी त्याला तीन प्रश्न विचारायचे आणि उत्तरे लेखी घ्यायची.

एक, युद्ध, संरक्षण खर्च आणि सैन्यभरती यांवर तू आजवर सभागृहात किंवा सभेत काय बोललास, कशाच्या बाजूने मत दिलेस? विद्यमान खासदार असेल तर त्याचे प्रश्न आणि भाषणे लोकसभेच्या संकेतस्थळावर सगळ्यांना खुली आहेत. ती काढायला एक संध्याकाळ पुरते.

दोन, तुझ्या भूमिकेची किंमत कोण भरणार? रुपयांत आणि जिवांत सांग.

तीन, मत बदलले असेल तर कधी आणि का? कारण सांगता आले तर बदल मान्य. पक्ष बदलला म्हणून मत बदलले असेल तर तो आपल्या कामाचा नाही.

कुणी म्हणेल, युद्धाच्या दिवसांत असे प्रश्न विचारणे देशद्रोह आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' काढा आणि रोहिणी नदीचे प्रकरण वाचा. शाक्य आणि कोलीय यांच्यात पाण्यावरून भांडण पेटते. सेनापती संघात युद्धाचा ठराव मांडतो. सिद्धार्थ उठतो आणि विचारतो: आधी चूक कुणाची, याची चौकशी झाली का? दोन्हीकडची दोन-दोन माणसे नेमा, त्यांनी पाचवा निवडावा, पाच जणांनी निवाडा करावा. मतदान होते, सिद्धार्थ हरतो. तरीही तो ठाम राहतो आणि घर सोडतो. गृहत्यागाचे कारण म्हातारा, रोगी आणि प्रेत ही पारंपरिक कथा बाबासाहेबांनी नाकारली आणि त्या जागी युद्धावरचे एक मतदान ठेवले. आपल्या धम्माची सुरुवातच त्यांनी अशी सांगितली असेल, तर युद्ध आणि शांतता हा आपला विषय नाही असे म्हणणाऱ्याला आपण कुठल्या तोंडाने मान डोलावणार?

बिंदू चौक सभेला मोकळा आहे. तारीख ठरवा, सगळ्या पक्षांच्या इच्छुकांना पत्र द्या, तीन प्रश्न फलकावर लिहा. जो येणार नाही त्याचे नाव त्याच फलकावर खाली लिहा, आणि तो फलक मतदानाच्या दिवसापर्यंत काढू नका.

जय भीम!